आजोबांचं ‘ॲज-बिल्ट’ ड्रॉइंग

भाविक, प्रेमळ, शिस्तप्रिय, हाडाचे इंजिनिअर. प्रभूमध्ये विसावले.

श्रद्धाळू ख्रिस्ती आणि निवृत्त इंजिनिअर असलेले आजोबा गेले की घरच्यांच्या निवेदनात बहुधा एवढंच येतं. यातला एकही शब्द खोटा नसतो. अडचण एवढीच की नाव बदललं तर हेच शब्द दुसऱ्या कुणालाही तंतोतंत बसतात. ज्या माणसाने चाळीस वर्षं मिलिमीटरचा हिशेब ठेवला, त्याचं आयुष्य आपण चार विशेषणांत उरकतो आणि वर त्याला श्रद्धांजली म्हणतो.

इंजिनिअरिंगमध्ये दोन प्रकारची ड्रॉइंग्ज असतात. एक काम सुरू होण्याआधीचं, कसं बांधायचं ते सांगणारं. दुसरं काम संपल्यावरचं, प्रत्यक्षात काय बांधलं गेलं ते दाखवणारं. या दुसऱ्याला ‘ॲज-बिल्ट’ म्हणतात. पाइप ठरल्या जागेवरून दीड मीटर सरकला असेल, पाया ठरल्यापेक्षा खोल न्यावा लागला असेल, तर ते ॲज-बिल्टमध्ये लाल रेघेने येतं. हे काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, कारण तोवर उद्घाटन झालेलं असतं. पण तीस वर्षांनी त्याच भिंतीत भोक पाडायची वेळ येते तेव्हा मूळ देखणं ड्रॉइंग फसवतं, हे लाल रेघांचं वाचवतं.

कागद आणि प्रत्यक्ष यांतला फरक किती महागात पडतो याचं उदाहरण अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकवलं जातं. १९८१ च्या १७ जुलैला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलातले एकाखाली एक टांगलेले पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ कल्पनेत छतापासून निघालेली एकच सलग सळई वरच्या पुलातून पार होऊन खालच्या पुलापर्यंत जात होती. प्रत्यक्षात तिच्या जागी दोन तुकडे आले. वरचा पूल छताला टांगला आणि खालचा पूल वरच्या पुलाला. त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. बदल दिसायला किरकोळ होता, आणि ‘बदल किरकोळ आहे’ या समजानेच घात केला.

आजोबांच्या स्मरणाचंही ॲज-बिल्ट हवं. ते कसे असायला हवे होते, किंवा नातवंडांना ते कसे आवडले असते, ते बाजूला ठेवून ते प्रत्यक्षात कसे होते ते लिहायला हवं, तारखांसह, दुरुस्त्यांसह आणि चुकांसह. ही घरगुती बाब आहे, चार लोकांनी त्यात नाक खुपसू नये, असं म्हणणारे भेटतील. पण इंजिनिअरने बांधलेलं घरात नसतं, रस्त्यावर असतं. त्याच्या निर्णयांवरून लोक रोज चालत जातात. आणि त्याची श्रद्धाही एकट्याची नव्हती, ती एका मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात वाढली, तिथे तिने काही घडवलं, काही बिघडवलंही असेल.

हा वाद जुना आहे आणि गंमत म्हणजे बायबलच्याच काळातल्या एका बोगद्यात तो दगडावर कोरलेला सापडतो. यरुशलेमचा राजा हिज्कीया याने तळं आणि पाट करून शहरात पाणी आणलं, एवढं एका ओळीत २ राजे या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात येतं. हा झाला राजाचा मृत्युलेख. १८८० साली त्याच पाण्यासाठी खोदलेल्या बोगद्याच्या तोंडापासून थोडं आत, भिंतीवर सहा ओळींचा एक लेख सापडला. सिलोआमचा शिलालेख म्हणून तो ओळखला जातो आणि आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात राजाचं नाव नाही, देवाचंही नाही. दोन टोकांकडून खोदत येणाऱ्या दोन तुकड्यांची हकिकत आहे. मध्ये तीन हात खडक उरला असताना पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, मग कुदळीवर कुदळ मारत ते एकमेकांना भिडले आणि झऱ्याचं पाणी तळ्याकडे वाहू लागलं. पुढे मापं दिली आहेत: लांबी १२०० हात, खोदणाऱ्यांच्या डोक्यावरचा खडक १०० हात.

आजच्या मोजणीत तो बोगदा सुमारे ५३३ मीटर भरतो, म्हणजे हात साधारण ४४ सेंटीमीटरचा धरला तर १२०० चा आकडा बरोबर जुळतो. एवढ्या लांबीत उतार जेमतेम ३० सेंटीमीटरचा आहे आणि वाट नागमोडी आहे. होकायंत्र नसताना दोन टोकं कशी जुळवली यावर अभ्यासक अजून भांडतात. राजाच्या ओळीवरून हे भांडण सुरूच झालं नसतं. ते शक्य झालं ते कामावरच्या कुणाला तरी ‘तीन हात उरले होते’ हे लिहून ठेवावंसं वाटलं म्हणून. मृत्यूनंतरच्या निवेदनांत आपण सगळ्या आजोबांना हिज्कीया करून टाकतो: त्यांनी पूल बांधले, धरणं बांधली, कारखाने उभारले. तीन हात कुठे उरले होते ते कुणी लिहीत नाही.

यावर चर्चमधूनच एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. अंत्यविधी हा देवापुढचा विधी आहे, माणसाच्या स्तुतीची जागा नाही. मिस्सा या रोमन कॅथलिक उपासनेविषयीच्या सर्वसाधारण नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की अंत्यविधीच्या मिस्सात छोटं प्रवचन असावं, पण मृताचं गुणगान करणारं भाषण कोणत्याही प्रकारचं नसावं. कम्युनियननंतरच्या प्रार्थनेपाठोपाठ घरच्या कुणी दोन शब्द आठवणीचे बोलायला मात्र वाव आहे. लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर इथे जमलेल्या प्रॉटेस्टंट धर्मपंडितांनी १६४५ च्या आपल्या उपासना-मार्गदर्शिकेत याहून टोक गाठलं होतं: प्रेत सन्मानाने न्यावं आणि कोणताही विधी न करता पुरावं.

हा आक्षेप मान्य करायला हवा, कारण तो कुटुंबाचीही सोय करतो. दुसऱ्याच दिवशी उभं राहून, घसा दाटलेला असताना, एका आयुष्याचा ताळेबंद मांडणं कुणालाच जमत नाही. पाच मिनिटांत शांतपणे वाचले तर मराठीचे पाचशे-सहाशे शब्द होतात आणि रडू आलं तर चारशेच. तेवढ्यात एक प्रसंग, एक काम आणि एक आभार बसतात. बाकीचं तिथे कोंबू नये. गल्लत होते ती इथेच. ते पाच मिनिटांचं भाषण म्हणजेच स्मरण अशी समजूत होते, भाषण संपतं, खोली रिकामी करायची घाई होते आणि पंधरा दिवसांत कागदांची रद्दी निघते.

म्हणून पहिलं काम कागदांचं. टेबल, कपाट, माळा यांतलं काहीही हलवण्याआधी जसं आहे तसे फोटो घ्यावेत. अभिलेखागारात मूळ क्रमाला हात लावत नाहीत, कारण कोणता कागद कशाच्या शेजारी होता यातही माहिती असते. पायाच्या आकडेमोडीच्या वहीत प्रार्थनासभेचं पत्रक सापडलं, तर त्या पत्रकाची तारीख त्या वहीला लागते. नातेवाइकांपैकी नीटनेटकेपणाची हौस असलेली व्यक्ती इथे सगळ्यात जास्त नुकसान करते. ती विषयवार गठ्ठे लावते आणि हा धागा तुटतो. गठ्ठे आहेत त्याच क्रमाने खोक्यांत ठेवावेत आणि खोक्यावर क्रमांक आणि जागा लिहावी: ‘खोकं ३, कपाटाचा दुसरा कप्पा, डावीकडून’.

मग गंजणाऱ्या टाचण्या, क्लिपा आणि रबरबँड काढावेत. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावायचा मोह आवरावा, ती काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत निघत नाही. जुने फॅक्स आणि यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत पावत्या उष्णतेवर छापलेल्या असतात, त्या आपोआप कोऱ्या होतात, म्हणून त्यांची नक्कल सगळ्यात आधी काढावी.

ड्रॉइंग्ज सगळी सारखी दिसली तरी सारखी नसतात. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा असतील तर ती खरी ब्ल्यूप्रिंट. ती उजेडात फिकी पडते आणि अल्कधर्मी कागदाच्या सान्निध्यात तिचा निळा रंग उडतो. त्यामुळे ‘आम्लमुक्त’ म्हणून मिळणाऱ्या बफर्ड, म्हणजे अल्क मिसळलेल्या फोल्डरमध्ये ती घातली की जपण्याच्या नादात तिचंच नुकसान होतं. तिला बफर नसलेला कागद लागतो. फिक्या पार्श्वभूमीवर निळ्या, जांभळ्या किंवा तपकिरी रेघा असतील तर ती अमोनिया प्रिंट. तीही उजेडाने उडते, शिवाय तिच्यातली रसायनं शेजारच्या कागदांना डागाळतात, म्हणून तिचा गठ्ठा वेगळा. ट्रेसिंगच्या कापडाला खळ असते, त्यावर पाण्याचा थेंबही पडता कामा नये. गुंडाळी वर्षानुवर्षं घट्ट बसलेली असेल तर ओढून सपाट करू नये. उलगडताना कडकड आवाज आला तर थांबावं आणि कागद जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्यावं.

ए-झिरो आकाराचं ड्रॉइंग ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटरचं असतं, घरच्या स्कॅनरवर ते मावत नाही. सपाट पसरून, दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड देऊन, फ्लॅश न वापरता, भागाभागाने फोटो घ्यावेत. प्रत्येक फोटो शेजारच्यावर साधारण एक तृतीयांश चढलेला असावा आणि चौकटीत मोजपट्टी ठेवावी. मोजपट्टी नसली तर पुढे कुणालाही त्यावरून माप काढता येत नाही, आणि माप काढता न येणारं ड्रॉइंग म्हणजे नुसतं चित्र. साध्या कागदांना ३०० डीपीआय पुरे, छोट्या फोटोंना ६००. मूळ प्रत टिफमध्ये, वाटायची जेपेगमध्ये. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या घरात.

इतकं केल्यावर मग वाचायला बसावं. ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, टायटल ब्लॉक. क्रमांक, प्रमाण, तारीख आणि तीन छोटे रकाने: काढलं कुणी, तपासलं कुणी, मंजूर कुणी केलं. तिथे आद्याक्षरं असतात. आजोबांची आद्याक्षरं सुरुवातीची काही वर्षं पहिल्या रकान्यात दिसतात, मग कधीतरी दुसऱ्यात उतरतात, मग तिसऱ्यात. एका माणसाची बढती, वाढलेली जबाबदारी, आणि चुकलं तर मान कुणाची अडकणार याचा सगळा इतिहास त्या तीन रकान्यांत आहे, कुठल्याही निरोप समारंभाच्या भाषणापेक्षा नेमका. अक्षरही पाहावं. पहिल्या रकान्यातलं अक्षर वळणदार आणि भित्रं असतं, तिसऱ्यातलं बहुधा नुसता फराटा.

त्याच चौकटीच्या वर किंवा शेजारी दुरुस्त्यांची सारणी असते. ए, बी, सी अशी अक्षरं, तारीख आणि दोन-चार शब्द: ‘पायाची खोली वाढवली’. का वाढवली? खड्ड्यात पाणी लागलं, की अपेक्षित थरावर खडक मिळाला नाही, की तपासणाऱ्याने गणितातली चूक पकडली? ड्रॉइंग हे सांगत नाही. सांगू शकणारा माणूस तोच, आणि तो आता गेलेला असतो. या चार शब्दांसाठी तरी माणूस हयात असताना त्याच्यासमोर ड्रॉइंग पसरून बसायला हवं होतं, पण त्याकडे पुढे वळू.

आकडेमोडीच्या वह्याही बोलतात. स्लाइड रूल या गणिताच्या सरकत्या पट्टीवर काम करणाऱ्याची उत्तरं तीन अंकांची असतात, कारण त्या पट्टीवर त्याहून जास्त वाचताच येत नाही. दशांश चिन्ह कुठे द्यायचं हे पट्टी सांगत नाही, ते डोक्यात ठरवावं लागतं. १९७२ साली एचपी-३५ हा खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आला आणि पुढच्या काही वर्षांत वह्यांमधले आकडे एकदम लांबले. ४.३७ च्या जागी ४.३६८२१ दिसू लागलं की समजावं, यंत्र बदललं. कधी कधी या लांब आकड्याच्या शेजारी समासात पेन्सिलीने ‘सुमारे ४.४’ असं लिहिलेलं सापडतं. हा पट्टीवर घडलेला माणूस, यंत्रावर त्याचा पुरता विश्वास बसलेला नव्हता.

एक सावधगिरी मात्र हवी. नोकरीत काढलेली ड्रॉइंग्ज बहुतेक वेळा नोकरी देणाऱ्याची किंवा काम करवून घेणाऱ्याची मालमत्ता असतात. वीजकेंद्र, धरण, तुरुंग, पाणीपुरवठा यांचे आतले तपशील प्रेमापोटी इंटरनेटवर टाकणं हा शुद्ध बावळटपणा आहे. आधी विचारावं. परत मागितली तर द्यावीत, आपल्याकडे यादी ठेवावी.

आता श्रद्धेकडे. ‘भाविक’ हा शब्द ‘मजबूत’ या शब्दासारखा आहे. इंजिनिअरला कुणी सांगितलं की बीम मजबूत आहे, तर तो विचारेल, किती? श्रद्धेचं माप काढता येत नाही हे खरं, पण तिची वहिवाट लिहिता येते. सकाळी किती वाजता उठून वाचत, वर्षभरात बायबल संपवण्याचा क्रम पाळत की त्याच स्तोत्रांकडे पुन्हा पुन्हा वळत, मोठ्याने प्रार्थना करत की ओठ न हलवता, दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, हिशेबाच्या वहीत कोणत्या शीर्षकाखाली लिहीत, कोणत्या वर्षी तो लिहिणं थांबलं. हे सगळं ‘भाविक’पेक्षा जास्त सांगतं.

घराण्याचं बायबल असेल तर त्यातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं पान हा नुसता भावनेचा विषय नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या फायलींत बायबलमधून फाडलेली अशी पानं पुरावा म्हणून जोडलेली आहेत आणि ती त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत. पण पुरावा म्हटला की उलटतपासणी आली. आधी मुखपृष्ठामागचं छपाईचं साल पाहावं. बायबल १९५२ चं आणि पहिली नोंद १९२० ची असेल, तर ती नोंद त्या वेळची नाही, नंतर आठवून किंवा दुसरीकडून उतरवलेली आहे. मग शाई आणि अक्षर. पंचवीस वर्षांतल्या सात नोंदी एकाच शाईत, एकाच झुकावाच्या अक्षरात असतील तर त्या एका बैठकीत लिहिल्या गेल्या. त्या चूकच असतील असं नाही, पण चर्चच्या नोंदवहीशी ताडून घ्याव्यात. या नोंदवह्यांची परंपरा भक्कम आहे. इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक पॅरिशला, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीला, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद सक्तीची झाली, आणि ट्रेंट इथल्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५६३ मध्ये कॅथलिक जगासाठी बाप्तिस्मा-विवाहाच्या नोंदी ठरवून दिल्या.

पानांत दडलेल्या वस्तू काढण्याआधी पान क्रमांकासह फोटो घ्यावा. समासात वचनाशेजारी नुसती तारीख असेल तर ती टिपावी आणि त्या तारखेला साइटवर, घरात, इस्पितळात काय चाललं होतं ते डायरीत शोधावं. इथे आजोबांची दोन आयुष्यं एकाच पानावर भेटण्याची शक्यता असते. ग्रंथ उघडताना दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या ठेवाव्यात, पाठ सपाट दाबली तर शिवण तुटते.

मात्र या दोन आयुष्यांची गाठ आपण आपल्या हाताने बांधू नये. ‘देव हा सर्वात मोठा इंजिनिअर आहे असं मानणाऱ्या आजोबांनी प्रामाणिकपणे काम केलं’ हे वाक्य शेकडो श्रद्धांजल्यांत सापडेल. आजोबा तसं म्हणाले होते का? नसतील, तर ते आपण त्यांच्या तोंडी घालतो आहोत. प्रामाणिक नास्तिक इंजिनिअर पुष्कळ असतात आणि प्रार्थना करून खोट्या बिलावर सही करणारेही. श्रद्धा आणि काम यांचा जोड असेल तर तो कागदात सापडतो, आणि सापडतो तेव्हा गोडच असेल असं नाही.

बॉब एबलिंग यांचं उदाहरण घ्या. चॅलेंजर अवकाशयानाचे घन इंधनाचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीत ते इंजिनिअर होते. रॉकेटच्या जोडांतल्या ओ-रिंगांबद्दल, म्हणजे फट बंद करणाऱ्या रबरी कड्यांबद्दल, त्यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये वरिष्ठांना टिपण पाठवलं, त्याचा पहिलाच शब्द ‘हेल्प’ होता. २८ जानेवारी १९८६ ला, आधीच्या सगळ्या उड्डाणांपेक्षा कितीतरी थंड सकाळी, यानाने उड्डाण केलं, थोड्याच वेळात ते फुटलं आणि त्यातले सात जण गेले. आदल्या रात्री थायोकोलच्या इंजिनिअरांनी उड्डाण लांबवा म्हणून सांगितलं होतं. तीस वर्षांनी, म्हातारे आणि आजारी असताना, एबलिंग रेडिओवर म्हणाले की या कामासाठी देवाने आपल्याला निवडायला नको होतं, त्याची ती चूकच झाली, भेटल्यावर त्याला विचारणार आहोत. ते ऐकून शेकडो अनोळखी लोकांनी त्यांना पत्रं लिहिली, आणि २०१६ च्या मार्चमध्ये ते गेले. आता त्यांचं स्मरण ‘भाविक आणि निष्ठावान’ एवढ्यावर करून पाहा. तीस वर्षं देवाशी चाललेली ती तक्रार, थंडीत ताठर होणाऱ्या रबराविषयीची, त्यात कुठेच नाही. आणि त्या माणसाची श्रद्धा तर नेमकी त्या तक्रारीतच होती.

चुका लिहाव्यात का, यावर घरात सगळ्यात मोठं भांडण होतं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं कुणीतरी म्हणतं, आणि श्रद्धाळू घरात हे जरा जास्तच ठासून म्हटलं जातं. पण ज्या ग्रंथाचा दाखला द्यायचा तोच ग्रंथ याबाबत दोन तोंडांनी बोलतो, आणि ते वाचण्यासारखं आहे. २ शमुवेलच्या अकराव्या अध्यायात दावीद राजा युद्धाच्या दिवसांत यरुशलेमेत मागे राहतो, उरीया या सैनिकाच्या बायकोशी, बथशेबेशी, संबंध ठेवतो आणि उरीयाला युद्धात मारवतो. तोच युद्धप्रसंग, दावीद मागे राहिल्याच्या उल्लेखासह, १ इतिहासाच्या विसाव्या अध्यायात येतो, पण बथशेबा तिथे गायब. एकाच राजाच्या या दोन हकिकती आहेत. ज्यांनी ग्रंथ एकत्र बांधला त्यांनी दोन्ही ठेवल्या. येशूचा शिष्य पेत्र याने तीनदा येशूची ओळख नाकारली, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. चौघांपैकी एकानेही ती गाळली नाही, पेत्र मंडळीचा आधारस्तंभ असूनही.

आमच्या मते सीमारेषा अशी आखावी. कामातली चूक, तिचं कारण आणि दुरुस्ती लिहावी, ती लोकांच्या उपयोगाची आहे. मंडळीतले वाद, विशेषतः ज्यांत आजोबा हरले किंवा चुकले, लिहावेत. निवृत्त इंजिनिअर मंडळीत दिसला की छपराच्या गळतीची समिती त्याच्या गळ्यात पडते, हे कुठल्याही पंथात सारखंच, त्यामुळे वादांना तोटा नसतो. दुसऱ्या जिवंत माणसाची लाज ज्यात आहे ते मात्र बंद पाकिटात, ‘अमुक साली उघडावे’ असं लिहून. फाडू नये. पाकीट म्हणजे लपवणं असा आरोप होईल, पण अभिलेखागारं हेच करतात आणि त्यात शहाणपण आहे. ज्याने घरच्यांना दुखवलं त्याबद्दल गप्प बसण्याची सक्ती दुखावलेल्यांवर करू नये. दोन बहिणींच्या आठवणी जुळत नसतील तर दोन्ही लिहाव्यात, नाव आणि तारीख घालून. मधलं वाक्य शोधू नये. मधलं वाक्य कुणाचंच नसतं.

हयात माणसाला विचारण्याबद्दल. ‘आजोबा, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हटलं की सांगून सांगून गुळगुळीत झालेले सहा किस्से ऐकू येतात. माणसाला दहा ते तीस या वयातलं सर्वांत ठळक आठवतं, हे मानसशास्त्रातलं चांगलं तपासलेलं निरीक्षण आहे. त्यामुळे कॉलेज आणि पहिली नोकरी आपोआप येते, पंचेचाळिशीतली मोठी कामं येत नाहीत. त्यासाठी हातात वस्तू द्यावी लागते: ड्रॉइंग, साइटवरचा फोटो, जुनी टोपी. प्रश्न छोटा आणि जागेचा असावा. ‘गेटमधून आत शिरल्यावर डावीकडे काय होतं?’ ‘ही खोली वाढवायला कुणी सांगितलं?’ ‘काँक्रीट ओतायला सुरुवात केल्यावर थांबवावं लागलं असं कधी झालं?’ श्रद्धेबद्दलही तसंच: ‘प्रार्थना करणं कधी बंद पडलं होतं का, किती दिवस?’ ‘देव आहे का’ हा प्रश्न विचारला की प्रवचन मिळतं.

बैठक पाऊण ते एक तासाची, त्यांच्या ताज्या वेळेला. पंखा आणि फ्रिज बंद, श्रवणयंत्राची बॅटरी नवी, रेकॉर्डर हातभर अंतरावर, सुरुवातीला तारीख, जागा आणि हजर असलेल्यांची नावं मोठ्याने. उत्तर संपलं असं वाटलं की पाच-सहा सेकंद गप्प राहावं. बहुतेक नातवंडं इथेच चुकतात. शांतता सहन होत नाही, दुसरा प्रश्न टाकतात आणि येऊ घातलेलं वाक्य परत जातं. आजीला शेजारी बसवावं की नाही हा नाजूक प्रश्न आहे. ती चुका दुरुस्त करते, आणि आजोबा बोलायचे थांबतात. दोघांच्या बैठका वेगळ्या घ्याव्यात, तिच्याकडे तिची हकिकत असतेच. एका तासाचं लिहून काढायला चार ते सहा तास लागतात, हे आधीच धरून चालावं, नाहीतर फायली तशाच पडून राहतात.

हे एकट्या कुटुंबाने करायचं काम नाही. व्यावसायिक संस्थांनी एकेकाळी ही जबाबदारी घेतली होती. लंडनची इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स, १८१८ साली स्थापन झालेली, एकोणिसाव्या शतकात आपल्या कार्यवृत्तांत दिवंगत सभासदांची चरित्रं छापत असे. शिकाऊ उमेदवारी कुणाकडे, कोणत्या साली कोणतं काम, कुणाच्या हाताखाली, असा त्यांचा थाट असे. कोरडी वाटतात, पण एखाद्या जुन्या पुलावर कुणी प्रत्यक्ष काम केलं हे शोधणाऱ्याला तीच उपयोगी पडतात. आजच्या संस्थांनी आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी निवृत्त सभासदांच्या वह्या स्वीकारण्याचं धोरण ठरवून जाहीर करावं. चर्चनेही कोनशिलेवर देणगीदार आणि बिशपांच्या नावांखाली छपराच्या कैच्यांचं गणित कुणी केलं त्यासाठी एक ओळ सोडावी.

चर्चला नवं काही शोधायचीही गरज नाही. अठराव्या शतकापासून मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीत प्रत्येक सभासदाने आपलं आयुष्य स्वतः लिहून ठेवायचं आणि ते त्याच्या दफनविधीत वाचायचं, अशी प्रथा होती. सुतार, लोहार, मोलकरणी, मिशनरी, सगळ्यांची अशी हजारो हस्तलिखितं जर्मनीतल्या हेर्नहूट इथल्या आणि पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम इथल्या अभिलेखागारांत जपलेली आहेत. त्यांत धंदा आणि श्रद्धा शेजारी शेजारी येतात, कुणी त्यांना जबरदस्तीने एकत्र शिवलेलं नसतं. शंका आणि पडझडही येते. दफनाच्या वेळी माणसाची स्तुती नको या आक्षेपालाही त्यात उत्तर आहे, कारण बोलणारा गेलेला माणूसच असतो आणि स्वतःची स्तुती करायला तो बहुधा लाजलेला असतो.

निवृत्त इंजिनिअर आजोबांना यासाठी को‍रा कागद देऊन ‘आठवणी लिहा’ म्हणू नये, बसूनच राहतील. छापील तक्ता द्यावा: साल, काम, जागा, हुद्दा, काय बिघडलं, काय दुरुस्त केलं, त्या काळात मंडळीत काय चाललं होतं. रकाना दिसला की त्यांचा हात आपोआप चालतो, आणि चुकीच्या मथळ्याचा रकाना दिसला तर आधी तो खोडून नीट मथळा लिहितील. खाली दोन-तीन ओळी मोकळ्या ठेवाव्यात. मोरेव्हियन हस्तलिखितांत शेवटचा भाग, आजारपण आणि मृत्यू यांचा, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला असतो, आणि अक्षर कुठे बदललं ते पानावर सरळ दिसतं.